सांधा बदलला, दुखणे मात्र राहिले

गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत वेदनामुक्त होतात. मात्र शंभरातील साधारण दहा ते वीस जणांचे दुखणे वर्ष उलटले तरी रेंगाळते. लातूर जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेलगत असलेल्या देवणीसारख्या तालुक्यातील रुग्णाची यात अधिकच कुचंबणा होते. शस्त्रक्रिया दूरच्या शहरात झालेली असते आणि गावात 'वयाचे दुखणे' एवढेच उत्तर मिळते. मग कोणीतरी सुचवते, 'धातूची ॲलर्जी असेल.'

ही ॲलर्जी खोटी नाही. खोट्या दागिन्यांनी कान चिघळणे किंवा घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज सुटणे, हे बहुधा निकेलचे वावडे असते. कृत्रिम गुडघ्याचा मांडीकडील भाग सहसा कोबाल्ट व क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो; त्यात निकेल एक टक्क्याहूनही कमी असते. मोडलेल्या हाडाला बसवल्या जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांत मात्र ते १३ ते १५ टक्के असते आणि तरीही त्या बहुसंख्य रुग्णांना सोसतात. त्यामुळे पाठीवर चिकटपट्ट्या लावून करावयाची 'पॅच टेस्ट' सकारात्मक आली, तरी दुखण्याचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. त्वचेला जे सोसत नाही, ते सांध्यालाही सोसणार नाही असे नाही.

म्हणूनच तज्ज्ञ ॲलर्जीचा विचार सर्वांत शेवटी करतात. पहिला संशय जंतुसंसर्गाचा. तो ताप न येताही वर्षानुवर्षे धुमसू शकतो. रक्ताच्या ईएसआर व सीआरपी या तपासण्या आणि सांध्यातील पाणी काढून केलेली तपासणी यावरून त्याचा छडा लागतो. त्यानंतर सांधा सैल होणे, तिरका बसणे, गुडघ्याची वाटी घासणे ही कारणे पाहावी लागतात. कित्येकदा दुखणे खुब्याचे किंवा कमरेतील दबलेल्या नसेचे असते आणि जाणवते गुडघ्यात! अशा रुग्णाचा सांधा ॲलर्जीच्या नावाखाली पुन्हा बदलला, तर खर्च दुप्पट होतो आणि दुखणे जागच्या जागी राहते.

तथापि धातूचा दोषच नसतो, असेही समजू नये. डेप्यू कंपनीचा 'एएसआर' हा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आला. त्यात धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे सूक्ष्म कण झडत, भोवतालच्या मांसपेशी नासत आणि रक्तातील कोबाल्ट वाढे. ही नेहमीची ॲलर्जी नव्हती. गुडघ्याच्या प्रचलित सांध्यात दोन धातूंमध्ये प्लॅस्टिकची चकती असल्याने तेथे हा धोका त्या स्वरूपात नसतो. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्राने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. पुढे २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरले. परंतु सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. भरपाई मंजूर आणि घेणारा बेपत्ता, असा हा प्रकार.

शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत सांध्याचे नाव, क्रमांक व लॉट नमूद केलेली चिकटपट्टी असते. डिस्चार्ज कार्डासोबत ती मागून घ्यावी. पुढे दुखणे उद्भवल्यास दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही तिचा उपयोग होतो. दागिन्यांनी पुरळ येत असल्यास ते शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. अशा रुग्णांसाठी टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचे सांधे मिळतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत प्रथमच बांधली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती ५४,७२० रुपये, तर या विशेष धातूंसाठी ७६,६०० रुपये होती, जीएसटी वेगळा.