धर्म बदला, पण चाकरी सोडू नका

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात इतिहास शिकवितो. मध्ययुगीन युरोपच्या अभ्यासक्रमात धर्मयुद्धांचे प्रकरण येते. ते ठरावीक पद्धतीने शिकवावयाचे असते. १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने आवाहन केले; १०९९ मध्ये जेरुसलेम पडले; ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते परत घेतले; १२९१ मध्ये अक्रा गेले आणि प्रकरण संपले. कोण पोप, कोण राजा, कोण सरदार हे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळे होतात. एकदा तास संपत आला असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्याने विचारले, "सर, पोप आणि राजे भांडत होते, ते ठीक. पण तिथली जमीन कोण कसत होतं?"

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझा बाप सालगडी होता. हा प्रश्न खरे तर मलाच पडावयास हवा होता. तो पडला नाही, याचे कारण आम्हांला इतिहास ज्यांनी शिकविला त्यांनी तो वाड्याच्या माडीवरून पाहिला होता आणि आम्हीही तोच पाठ करून वर आलो. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे हाती आले ते येथे मांडतो.

धर्मयुद्धातून एडेसा, अँटिओक, जेरुसलेम व त्रिपोली अशी चार राज्ये उभी राहिली. जेरुसलेम हाती येऊन वर्ष उलटले नाही तोच विजेत्यांचे आपापसांत वाजू लागले. पिसाचा आर्चबिशप डेम्बर्ट हा जेरुसलेमचा पॅट्रिआर्क, म्हणजे तेथील धर्मपीठाचा प्रमुख झाला आणि ही नगरी धर्मसंस्थेच्या मालकीची आहे असे तो सांगू लागला. राज्यकर्ता गॉडफ्री बराचसा नमलाही होता. पण जुलै ११०० मध्ये तो मरण पावताच त्याच्या सरदारांनी एडेसाहून त्याचा भाऊ बाल्डविन यास बोलावून घेतले आणि त्याच वर्षीच्या नाताळात बेथलेहेम येथे खुद्द डेम्बर्टलाच बाल्डविनच्या मस्तकावर मुकुट ठेवावा लागला. पुढे ११२० मध्ये नाबलुस येथे सभा भरली आणि राजा दुसरा बाल्डविन याने दशमांशाचे उत्पन्न धर्मसंस्थेकडे सोडले. भांडण मिटले. ज्याच्या पिकातून हा दशमांश निघणार होता त्यास मात्र कोणी विचारले नव्हते. तो स्थानिक कुणबी, मग तो मुसलमान असो वा सिरियन ख्रिस्ती, गावाच्या जमिनीला बांधलेला होता आणि जमीन ज्याची त्याचाच तोही होता.

त्याच नाबलुसच्या नियमांत आणखी एक कलम आहे. मुसलमान स्त्रीपुरुषांनी फ्रँक लोकांसारखा पोशाख करू नये. ज्यांच्या आज्याला पायात वहाणा घालून पाटलाच्या वाड्यासमोरून जाता येत नव्हते, त्यांना या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मला थांबविले ते यापुढील प्रसंगाने. बाप्तिस्मा घेतलेल्या गुलामास मुक्त करावयाचे, अशी त्या राज्यात रूढी होती. म्हणून मालकमंडळी आपल्या गुलामांना बाप्तिस्माच घेऊ देत नसत. या मालकांत सरदार होते, तसे टेंपलर व हॉस्पिटलर हे लढाऊ धर्मसंघही होते. १२१६ पासून अक्राचा बिशप असलेल्या याक द व्हित्री याने ही तक्रार लिहून ठेवली आहे. धर्मासाठी समुद्र ओलांडून आलेले लोक धर्म मागणाऱ्यास धर्म देत नव्हते; कारण धर्म दिला तर फुकटचा मजूर हातचा जातो. शेवटी १२३७ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने तोड काढली. गुलामांना बाप्तिस्मा द्यावा, पण आपण पूर्वीच्याच गुलामीत राहू हे त्यांनी मान्य करावे. धर्मसंस्थेला आत्मा मिळाला आणि मालकाकडे देह राहिला. पोप व सरदार यांच्या शेकडो भांडणांत त्या दोघांचे इतके पटलेला करार दुसरा क्वचितच सापडेल.

हे वाचताना मला माझा आजा आठवला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतल्यावर काही महिन्यांनी आमच्या वस्तीनेही धर्मांतर केले. तेव्हा गावच्या पाटलाने आजाला वाड्यावर बोलावून सांगितले, "धर्म बदला, देव बदला, आमचं काई म्हननं नाई. पर येसकरकी सोडू नका. मेलेलं ढोर कोन वढंल?" त्या पाटलाने नववा ग्रेगरी वाचला नव्हता. वाचण्याची गरजही नव्हती. देव कोणताही पूजा, ढोर ओढीत राहा, हा हिशेब कोणत्याही देशातील मालकास आपोआप सुचतो.

ही संगती मी ओढूनताणून लावतो आहे असे कोणास वाटेल. पण जेरुसलेमचा धागा सरळ आपल्या गोव्यापर्यंत येतो. टेंपलर संघ १३१२ मध्ये बरखास्त झाला. पोर्तुगालमधील त्याच्या मालमत्तेवर, पोपच्या मान्यतेने, १३१९ मध्ये 'ऑर्डर ऑफ ख्राईस्ट' हा नवा संघ उभा राहिला. १४५५ मध्ये पोप पाचवा निकोलस याने समुद्रापलीकडील मुलुख जिंकण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजास दिला आणि १४५६ मध्ये तिसरा कॅलिक्स्टस याने त्या मुलुखांवरील धार्मिक अधिकार या संघाकडे सोपविला. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवे घेतले. १५३४ मध्ये तेथे बिशपचे पीठ झाले. बिशपचे नाव राजाने सुचवावयाचे, चर्चचा खर्च राजाने करावयाचा आणि धर्मप्रसाराचे श्रेय दोघांनी वाटून घ्यावयाचे, या व्यवस्थेला 'पाद्रुआदो' म्हणतात. जेरुसलेमला जे भांडत भांडत ठरले ते येथे आधीच कागदावर ठरून आले होते.

मग गोव्यातील जमीन कोण कसत होते? १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारांचे परंपरागत हक्क लिहून काढले. गावकार म्हणजे गावात राहणारा प्रत्येक माणूस नव्हे. गाव आमच्या पूर्वजांनी वसविले असे सांगणाऱ्या मोजक्या घराण्यांतील पुरुष म्हणजे गावकार. आणि ही घराणी बहुतेक ठिकाणी वरच्या जातींची. नव्या राज्याने त्यांचे वर्चस्व मोडले नाही, लेखी केले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. येथे जुलूम झाला, हे कोणीही नाकारू नये; १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन मधल्या थोड्या खंडाने १८१२ पर्यंत चालले. पण देऊळ जाऊन चर्च आले तरी गावकार गावकारच राहिला आणि गावाबाहेरचा गावाबाहेरच राहिला. ख्रिस्ती झालेल्यांत बामण, चार्डो, सुदिर, महार, चांभार ही नावे टिकली. चर्चमधील कॉन्फ्रारिया, म्हणजे उत्सवाचा मान मिरविणारी मंडळे, अनेक ठिकाणी जातवार झाली. धर्मगुरूंच्या संस्थांचीही तीच गत. सतराव्या शतकात निघालेल्या गोव्याच्या ओरेटरी संघात ब्राह्मण कुळांतील लोकांनाच प्रवेश होता; चार्डोंना चिंबेल येथे आपला वेगळा संघ काढावा लागला.

या साऱ्यावर पोपचे शिक्कामोर्तब झाले तो प्रसंग आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. रॉबर्टो द नोबिली हा इटलीच्या उमराव घराण्यातील जेझुइट पाद्री १६०६ मध्ये मदुरेस आला आणि तेथील ब्राह्मणांत संन्याशासारखा राहू लागला. ब्राह्मणांनी ख्रिस्ती झाल्यावरही जानवे, शेंडी व गंध ठेवावे, असे त्याचे म्हणणे. त्यावर वाद माजला आणि फेब्रुवारी १६१९ मध्ये गोव्यात धर्मगुरूंची परिषद भरली. गोव्याच्या आर्चबिशपचा विरोध होता. नोबिलीचा मुद्दा असा की, जानवे हे धर्माचे चिन्ह नसून कुळाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह आहे. प्रकरण रोमला गेले आणि ३१ जानेवारी १६२३ रोजी पोप पंधरावा ग्रेगरी याने काही अटींवर परवानगी दिली.

येथे क्षणभर थांबावयास हवे. जानवे मान्य झाले ते ते निरुपद्रवी होते म्हणून नव्हे. ते देवाचे नाही, उच्चपणाचे आहे, हे पटवून दिले म्हणून ते मान्य झाले. देवाचे असते तर तोडावे लागले असते. जातीचे आहे म्हणून राहू द्या! बुद्धिवान मंडळी दोन्ही बाजूंना होती, पण जात हेच पाप आहे असे म्हणणारी बाजू त्या वादात नव्हतीच. त्याच आज्ञापत्रात कुलीनांनी खालच्या लोकांना, निदान चर्चमध्ये तरी, तुच्छ लेखू नये अशी विनवणी आहे. कुलीनांना परवानगी मिळाली. आपल्या वाट्याला विनवणी आली. विनवणीचे काय होते ते पुढे दिसले. मदुरेच्या मिशनमध्ये वरच्यांसाठी वेगळे व खालच्यांसाठी वेगळे पाद्री झाले आणि १७४४ मध्ये पोप चौदावा बेनेडिक्ट यास आज्ञा काढून सांगावे लागले की, आजारी परयाला धर्मविधी देण्यासाठी पाद्र्याने त्याच्या झोपडीत गेले पाहिजे.

याच काळातील एक गोवेकर मला फार विचारात पाडतो. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्मलेला मातेउश द कास्त्रो. गोव्यात पुरोहितपदाची वाट बंद दिसल्यावर तो रोमला गेला. पोपने १६२२ मध्ये पाद्रुआदोला वळसा घालणारे 'प्रोपागांडा' हे स्वतंत्र खाते काढले होते. त्याच्या आधाराने तो १६३७ मध्ये बिशप झाला आणि आदिलशाही मुलखासाठी नेमला जाऊन डिचोलीस राहिला. पोर्तुगीजांनी त्याचा छळ केला. १६५३ मध्ये त्याने गोव्याच्या ब्राह्मणांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्यास सांगणारे एक पुस्तक लिहिले. त्याचे नावच 'ब्राह्मणांचा आरसा'. कास्त्रोचा संताप खरा होता. गोऱ्या पाद्र्याने त्याला खाली बसविले, हे त्यास सहन झाले नाही. परंतु आपण कोणाला खाली बसविले आहे, हे त्या आरशात दिसत नाही.

याचा अर्थ ख्रिस्ती धर्माने दलितांना काहीच दिले नाही असा नव्हे. आमच्या शेजारी जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही वसाहत उभी केली. मांगमहारांना गावकीबाहेर स्वतःचे गाव मिळाले, शाळा मिळाली. पण यातूनही तेच सिद्ध होते. पायाखाली स्वतःची जमीन आली तेथे धर्मांतराला काही अर्थ आला. जेथे जुन्या मालकाचे दावे गळ्यात ठेवून पाणी शिंपडले गेले तेथे नाव तेवढे बदलले.

या पार्श्वभूमीवर नागपूरचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यास घोषणा केली. त्यानंतर अनेक धर्मांचे लोक त्यांच्या दारी आले. एकवीस वर्षे त्यांनी विचार केला, पण कोणत्याही धर्मपीठाशी वा संस्थानिकाशी आपल्या माणसांचा सौदा केला नाही. भदन्त चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतली आणि लगेच स्वतःच लाखोंना दिली. बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे. पूर्वीच्या चाकरीत राहण्याची अट नाही. जेरुसलेमच्या गुलामाला जे वचन द्यावे लागले, त्याच्या नेमके उलट वचन आमच्या आज्यांनी दिले. किंमत मात्र मोजावी लागली. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळण्यास १९९० साल उजाडले. ख्रिस्ती व मुसलमान दलित त्या यादीबाहेरच राहिले. मालक हिशेब चुकवीत नाही, फक्त वही बदलतो.

आजाने पाटलास उत्तर दिले होते, "मालक, धर्म बदलला म्हंजी हात बी बदलले." त्यानंतर आमच्या लोकांची शेतावरची कामे बंद झाली, गिरणीत दळण बंद झाले. आजी कितीतरी दिवस जात्यावर जोंधळा दळीत होती. पण ढोर ओढले गेले नाही.

हे मी अभिमानाने सांगतो आणि तेथेच मला कास्त्रोचा आरसा आठवतो. मी आज प्राध्यापक आहे, पगारदार आहे. वरच्याने केलेला अपमान मला लगेच कळतो. त्यावर मी लेख लिहितो. परंतु आमच्याच वस्तीपलीकडे मांगवाडा आहे. तेथे सोयरीक करावयाची म्हटली की आमच्यातील शिकलेला माणूसही कुळाच्या प्रतिष्ठेची भाषा बोलू लागतो. ही नोबिलीचीच भाषा होय. जानवे गळ्यात नसले तरी ते मनात असू शकते.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. जमीन कसणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांच्याविषयी झालेले करार लिहून ठेवले आहेत. ते करार वाचावयास शिक. पोप, राजा आणि सरदार यांचे भांडण मिटले असे जेथे लिहिले असेल, तेथे कोणाच्या जिवावर मिटले ते शोध. त्याने वहीत एवढेच लिहून घेतले: १२३७, १६२३, १९५६.