सूर्यप्रकाशाचे गणित आणि प्रतिमानातील ढग : एक ऐतिहासिक मागोवा

हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांचा इतिहास लिहिताना वारे, दाब आणि पर्जन्य यांच्या समीकरणांवर भर दिला जातो. सूर्यप्रकाशाच्या गणिताकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः प्रतिमानातील ढग किती काळ टिकावा, हे पुष्कळ अंशी याच गणितावर ठरते. सूर्यप्रकाश ढगातच शोषला गेला तर ढग तापतो, त्यातील थेंबांचे बाष्पीभवन होते व तो विरळ होतो. तोच प्रकाश भूपृष्ठावर पोचला तर ऊर्ध्वप्रवाह निर्माण होऊन नवे ढग उभे राहू शकतात. ऊर्जा कोणत्या थरात जमा झाली, हा हिशेब चुकला की ढगही चुकतो.

या गणिताचा उगम खगोलभौतिकीत आहे. आर्थर शुस्टर यांनी १९०५ मध्ये प्रकाशाच्या असंख्य दिशांऐवजी एक वर जाणारा व एक खाली येणारा असे दोनच प्रवाह कल्पिले. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९५० च्या ग्रंथाने या विषयाला भक्कम गणिती पाया दिला. त्यातील मुख्य गृहीतक समांतर, एकजिनसी थरांचे होते. ढगाकडे एकदा नीट पाहिलेल्या कोणालाही ते खटकावे. परंतु तत्कालीन संगणकांना याहून अधिक झेपणारे नव्हते.

स्युकुरो मनाबे व रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७ च्या प्रतिमानात ढग आधीच ठरवून दिलेले होते. प्रकाशाने ढग बदलण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. पुढे प्रतिमाने स्वतः ढग निर्माण करू लागली आणि मतभेद उघड झाले. रॉबर्ट सेस व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये चौदा प्रतिमानांची तुलना केली. निरभ्र आकाशापुरती त्यांची उत्तरे बरीच जुळत होती; ढग विचारात घेताच हवामानाच्या संवेदनक्षमतेत सुमारे तिपटीचा फरक पडला.

१९९५ मध्ये सेस, वीरभद्रन रामनाथन आदींनी अधिक गंभीर दावा केला : प्रत्यक्षातील ढग प्रतिमानांच्या अंदाजापेक्षा, जागतिक सरासरीने, प्रति चौरस मीटर सुमारे २५ वॅट अधिक सूर्यप्रकाश शोषतात. हे खरे असते तर केवळ एखादा स्थिरांक बदलून भागले नसते. असे वाढीव शोषण एका प्रतिमानात घालून पाहिले असता वरचे थर तापले आणि उष्णकटिबंधातील अभिसरण मंदावले. त्याच वर्षी अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे विमानांतून मोजमापे झाली, पण वाद मिटला नाही. २००० मध्ये अधिक काटेकोर उपकरणांनी तेथेच पुन्हा निरीक्षणे घेण्यात आली. त्यांवरील अभ्यासांत मोजमाप व गणित बऱ्याच अंशी जुळले. माझ्या मते या वादाचे मोल दाव्याच्या खरेखोटेपणात नाही. त्याने मोजमापाची शिस्त वाढवली.

दोष अन्यत्र, भूमितीत होता. रॉबर्ट काहालन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की तेवढेच पाणी असलेला सपाट, एकजिनसी ढग खऱ्या, असमान ढगापेक्षा अधिक प्रकाश परावर्तित करतो. याचे कारण असे की, जाडी वाढेल तसतशी परावर्तनातील वाढ कमी कमी होत जाते. त्यामुळे प्रतिमानात एकूण परावर्तन निरीक्षणाशी जुळवायचे, तर ढगांतील पाणी कृत्रिमरीत्या कमी ठेवावे लागे. पिंकस, बार्कर व मॉरक्रेट यांनी २००३ मध्ये यावर यादृच्छिक नमुन्यांची पद्धत सुचवली. जाळीच्या प्रत्येक चौकटीतील ढगाळ व मोकळे भाग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींना वाटून द्यायचे. प्रत्येक उत्तरात थोडा गोंगाट राहतो, परंतु सरासरी एका बाजूला झुकत नाही. ही पद्धत पुढे अनेक प्रतिमानांनी स्वीकारली.

तरीही बहुतेक जागतिक प्रतिमानांत प्रकाश आजही आपल्या उभ्या स्तंभातच राहतो. ढगाच्या कडेतून शिरणारी तिरपी किरणे आणि शेजारच्या स्तंभावर पडणारी त्याची सावली या हिशेबात येत नाहीत.