१९८२ सालचा नाताळ आणि खेळांची निवड

सुटी लागली कीं मुलें नवा खेळ मागूं लागतात, आणि कोणता खेळ आणावा हें वडील मंडळींना ठरवावें लागतें. सोंगट्यांचा पट विकत घेतांना फसण्याचा संभव थोडा; वस्तु हातांत घेऊन पाहिली कीं तिचा गुण कळतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या व्हिडिओ गेमची गोष्ट निराळी. ज्या डबींत तो खेळ भरलेला असे (महाराष्ट्रांत पुढें तिला कॅसेट म्हणूं लागले), ती बाहेरून पाहून आंतील खेळाचा कांहींच अंदाज येत नसे. घरीं नेऊन यंत्रांत बसविली म्हणजेच तो कळे. गिऱ्हाइकाला निवड करावी लागे ती विश्वासावर. हा विश्वास उडाला म्हणजे केवढा अनर्थ होतो, तें अमेरिकेंत १९८२ सालच्या नाताळांत दिसून आलें.

अटारी कंपनीनें आपलें घरगुती यंत्र १९७७ सालीं बाजारांत आणलें. प्रारंभीं यंत्रही तिचें व खेळही तिचेच, त्यामुळें निवडीचा घोळ फारसा नव्हता. पण खेळ रचणाऱ्या कारागिरांचीं नांवें छापण्याची त्या कंपनीची रीत नव्हती, आणि खपाच्या मानानें मिळणारा मोबदलाही त्यांना अपुरा वाटे. डेव्हिड क्रेन प्रभृति चौघे कारागीर बाहेर पडले व १९७९ सालीं ॲक्टिव्हिजन ही कंपनी निघाली. अटारीनें तिला न्यायालयांत खेंचलें. १९८२ सालीं तडजोड झाली, आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठीं खेळ करून विकण्यास कोणासही आडकाठी उरली नाहीं. ॲक्टिव्हिजनचे खेळ खरोखरच चांगले होते. क्रेन यांच्या ‘पिटफॉल’ या जंगलांतील धांवपळीच्या खेळांत २०,००० गुण मिळवून पडद्याचें छायाचित्र पाठविणाऱ्यास कंपनी कापडी बिल्ला देई, आणि मुलांना त्या बिल्ल्याचें मोठें अप्रूप होतें. परंतु या मंडळींच्या मागोमाग केवळ नफ्यावर नजर ठेवणारेही आले. ओट विकणाऱ्या क्वेकर कंपनीच्या छत्राखालींही खेळ निघूं लागले, इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

अशा स्थितींत तो नाताळ आला. दुकानांत यंत्रेंच मुळीं तीनचार प्रकारचीं. त्यांतच कोलेको कंपनीचें नवें यंत्र ऑगस्टांत निघालेलें. एकाची कॅसेट दुसऱ्यांत चालत नसे. डब्यांच्या वेष्टनांवर रणांगणांचीं व अंतराळयानांचीं भव्य रंगीत चित्रें असत, पण पडद्यावर प्रत्यक्षांत उमटत ते चार चौकोनी ठिपके. मग बापानें निवडावें कशावरून? नांवावरून. ‘पॅकमॅन’ हें नांव सर्वतोमुखीं झालेलें असल्यामुळें अटारीनें त्या वसंत ऋतूंत काढलेला त्याचा घरगुती अवतार सुमारें ७० लाख लोकांनीं घेतला. त्यांतील भुतें लुकलुकत असत, आणि मूळ खेळ पाहिलेल्यांचा मोठा हिरमोड झाला. तरीही नांवावरची श्रद्धा अद्याप पुरती ढळली नव्हती.

ती ढळली ‘ई. टी.’नें. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा हा चित्रपट जूनमध्यें प्रकाशित होऊन अमेरिकेंतील आबालवृद्धांचा आवडता झाला होता. त्यावर खेळ काढण्याचा हक्क अटारीनें दोन कोटि डॉलरांहून अधिक देऊन मिळविला असें सांगतात. हा करार जुलै संपत आला तेव्हां पक्का झाला, आणि नाताळापूर्वीं माल दुकानांत हवा होता. एका खेळाला कित्येक महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्या वाट्याला जेमतेम पांच आठवडे आले. तेवढ्यांत त्यांनीं खेळ पुरा केला, ही गोष्ट लहान नव्हे. पुढें सर्व खापर त्यांच्या माथीं फुटलें, तें अन्यायाचें होय. दोष असेल तर तो पंचांग पाहून कारागिरीचा मुहूर्त काढणाऱ्यांचा. पण मुलाला या कारणांशीं काय करावयाचें? त्याचा लाडका परग्रहवासी पुनःपुन्हां खड्ड्यांत पडे, आणि त्याला वर काढतां काढतां सुटीचा दिवस संपे.

इकडे दुकानदारांनीं, माल अपुरा पडेल या भीतीनें, गरजेहून कितीतरी अधिक मागणी आधींच नोंदविलेली होती. ७ डिसेंबर रोजीं अटारीची मालक वॉर्नर कंपनी हिनें नफा अपेक्षेहून बराच कमी होईल असें जाहीर केलें, आणि तिच्या भागांचा भाव पाहतां पाहतां सुमारें एक तृतीयांशानें कोसळला. न खपलेल्या कॅसेटी दुकानदार पांच पांच डॉलरांस टोपल्यांतून विकूं लागले. मग आईबापांनीं चांगल्या खेळाचे तीस डॉलर कां द्यावेत? रद्दी मालानें उत्तम मालालाही बुडविलें. तीनशें कोटि डॉलरांहून मोठा व्यापार १९८५ पर्यंत सुमारें दहा कोटींवर आला, असा अंदाज आहे. १९८३ च्या सप्टेंबरांत अटारीनें मालमोटारी भरभरून कॅसेटी न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवाच्या उकिरड्यांत पुरल्या. ही बातमी पुढें दंतकथा मानली जाऊं लागली. पण २०१४ सालीं एप्रिलमध्यें तेथें खणलें तेव्हां सुमारें १,३०० कॅसेटी वर आल्या. त्यांत ‘ई. टी.’ होतीच, आणि चांगले खपलेले खेळही होते.

१९८५ च्या शरद ऋतूंत जपानची निन्टेंडो कंपनी न्यूयॉर्कांत आली, तेव्हां दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही ऐकून घेईनात. तिनें आपल्या यंत्राला दुसरेंच नांव दिलें, सोबत एक खेळण्यांतला यांत्रिक मनुष्य ठेवला, आणि न खपलेला माल परत घेण्याचें वचन दिलें. यंत्रांत एक इलेक्ट्रॉनिक कुलूप बसविलेलें होतें. कंपनीची संमति नसलेला खेळ त्यांत चालत नसे. इतरांना परवाना मिळे, पण वर्षाला पांचच खेळांचा. ही उघड मक्तेदारी होती, आणि गिऱ्हाइकाच्या निवडीचा बराच भाग दुकानापर्यंत पोंचण्यापूर्वींच उरकलेला असे. तथापि तिच्या पहिल्या खेळांच्या काळ्या डब्यांवर एक नवी गोष्ट दिसूं लागली. भव्य रंगचित्राच्या जागीं पडद्यावर दिसतात तशाच चौकोनी ठिपक्यांच्या आकृति मोठ्या करून छापलेल्या होत्या.