बायकोसाठी केलेलं कस्टर्ड



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीला आम्ही फ्रूट कस्टर्ड केलं होतं. केळी, चिकू, डाळिंबाचे दाणे आणि वर पिवळंधमक घट्ट दूध. सगळ्यांनी वाट्या पुसूनपुसून खाल्लं. तेवढ्यात एकीनं विचारलं, "विलायतेत यात अंडं घालतात म्हणे. आपण बिनअंड्याचं करतो, म्हणजे हे नकलीच की!" त्या एका शब्दावरून बरीच चर्चा झाली, आणि आम्ही या पदार्थाचा इतिहास शोधायला लागलो. तोच आज तुम्हाला सांगतो.

कस्टर्ड मूळचं युरोपातलं. तिथं शेकडो वर्षांपासून दूध, साखर आणि अंडी एकत्र करून मंद आचेवर घट्ट करतात. पूर्वी हे मिश्रण पिठाच्या पारीत भरून भाजत. त्या पारीच्या नावावरूनच कस्टर्ड हा शब्द आला. हे अंड्याचं कस्टर्ड मोठं नाजूक. आच जरा वाढली की अंडं शिजून वेगळं होतं आणि सगळं फुटतं.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ. या बाईंना कस्टर्ड आवडायचं, पण अंडं त्यांना सोसत नसे. खाल्लं की त्रास व्हायचा. आता, घरातल्या बाईला एखादी वस्तू सोसत नसेल तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बाकीचे खातात, ती बाजूला सारते. बर्ड यांनी मात्र १८३७ साली अंड्याऐवजी पिष्ट, म्हणजे स्टार्च वापरून दूध घट्ट करायची पूड तयार केली. ती विकण्यासाठी नव्हती, घरच्यासाठी होती. पुढं एकदा पाहुण्यांना तेच कस्टर्ड वाढलं गेलं, त्यांनाही ते आवडलं, आणि मग ते विकायला सुरुवात झाली, असं सांगतात.

गोष्ट इथंच थांबत नाही. एलिझाबेथबाईंना यीस्टही चालत नव्हतं. त्यामुळे फुगलेला पाव त्यांना खाता येईना. तेव्हा १८४३ साली बर्ड यांनी यीस्टशिवाय पीठ फुगवणारी बेकिंग पावडर बनवली. पुढं क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिकांना ताजा पाव मिळावा म्हणून हीच पावडर वापरली गेली. एका घरातल्या एका बाईची अडचण, आणि त्यातून पोट भरलं सैन्याचं!

म्हणजे बघा, ज्याला आपण 'नकली' म्हणत होतो, तेही इंग्लंडमधल्याच एका घरात जन्मलं. शिवाय अंडं न खाणाऱ्या आपल्याकडच्या घरांना ते आयतंच सोयीचं पडलं. पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या वीकफिल्ड कंपनीचे कस्टर्ड पावडरचे डबे गावोगावच्या दुकानांत पोचले. डब्यात मुख्यतः मक्याचा स्टार्च असतो. पिवळा रंग आणि व्हॅनिलाचा वासही वरून घातलेलाच.

दूध घट्ट करायची ही युक्ती आपल्याला तरी कुठं नवी आहे? आजारी माणसाला तवकिराची खीर देतात, बासुंदी पातळ वाटली तर थोडी तांदळाची पिठी लावतात. काम तेच. पिष्टाचे कण गरम दुधात फुगतात आणि दूध दाट होतं.

म्हणूनच गुठळ्या का होतात तेही लक्षात घ्या. पूड थेट उकळत्या दुधात टाकली की गोळ्याचं बाहेरचं अंग लगेच शिजतं आणि आत कोरडी पूड अडकते. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पूड आधी वाटीभर थंड दुधात कालवा. उरलेल्या दुधात साखर घालून उकळी आणा. मग कालवलेली पूड बारीक धारेनं सोडत सतत ढवळा. दोन-तीन मिनिटांत दाट होईल. पूर्ण गार झाल्यावरच फळं घाला. कच्चा अननस मात्र नको, त्यानं दुधाची चव कडवट होते.

आता शेवटचं. त्या डब्यावर नाव लागलं बर्ड यांचं. ज्यांच्यामुळे ही पूड झाली त्या एलिझाबेथबाईंचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण आम्हाला त्याहून मोठं वाटलं ते असं, की तिला सोसत नाही म्हणून घरातला पदार्थच बदलला गेला.

आपण सासऱ्यांच्या साखरेसाठी गोडाचा हात आखडता घेतो, मुलाला तिखट नको म्हणून भाजी वेगळी काढतो. पण आपल्याला स्वतःला काय सोसत नाही, हे घरात कुणाला माहीत आहे? बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "मला दुधानं त्रास होतो. तीस वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही." कस्टर्डची वाटी त्यांनी आमचं मन राखायला खाल्ली होती.

पुढच्या बैठकीला आम्ही नारळाच्या दुधात कस्टर्ड करणार आहोत. पहिली वाटी काकूंची. तुम्हीही आपल्या गटात एकमेकींना एवढं विचारा, बाई, तुला काय सोसत नाही?