एक प्रोग्रॅम, छप्पन्न प्रिंटर

डॉसच्या काळात एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ‘एस्केप’ आणि लगेच इंग्रजी ‘ई’ पाठवलं की पुढची अक्षरं ठळक उमटत. तेच दोन बाइट एचपीच्या लेझरजेटकडे गेले तर प्रिंटर सगळ्या सेटिंग्ज पुसून टाकी आणि अर्धवट पानही बाहेर फेकी. मथळा ठळक करायला जावं, तर हातात अर्धं पान!

म्हणून वर्डपरफेक्टसारख्या प्रोग्रॅमला शेकडो प्रिंटरांचे ड्रायव्हर स्वतःच पदरी बाळगावे लागत. (एप्सनच्या त्या कोडांचं घराणं अजून नांदतं आहे, दुकानातल्या बिलाच्या थर्मल प्रिंटरांत.)

विंडोजनं 1985 पासून हे ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. पडद्यावर रेघ ओढणारं फंक्शनच कागदावरही ओढू लागलं; कुठे काढायचं ते सांगणारा ‘डिव्हाइस कॉन्टेक्स्ट’ प्रिंटरचा दिला की झालं. झालं म्हणायचं एवढंच. पडद्यावर इंचाला साधारण 96 ठिपके, लेझर प्रिंटरवर 300. त्यामुळे पडद्यावर ऐसपैस दिसणारं 600 ठिपक्यांचं चित्र कागदावर जेमतेम दोन इंचांत आक्रसून बसे.

युनिक्सवर तर असा सामायिक ड्रायव्हरच नव्हता. तिथे पानाचं वर्णन करणारी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा कामी आली. ॲपलच्या लेझररायटरनं 1985 मध्ये ती कार्यालयांत पोहोचवली होती. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीनं क्यूटी या प्रोग्रॅमरांच्या साधनसंचात दोन्हींचा मेळ साधला: प्रोग्रॅमरनं चित्र एकदाच काढायचं; विंडोजवर ते तिथल्या ड्रायव्हरकडे जाई, युनिक्सवर त्याचं पोस्टस्क्रिप्ट होई.

जावानं 1998 च्या 1.2 आवृत्तीत कारभारच उलटा केला. प्रोग्रॅमनं पानं ढकलायची नाहीत. यंत्रणा मागेल ते पान काढून द्यायचं. तेच पान ती पुन्हाही मागू शकते, कारण मेमरी वाचवायला पान पट्ट्यापट्ट्यांनी रंगवावं लागतं. बिलाचा क्रमांक वाढवणारी ओळ कुणी पान काढणाऱ्या मेथडमध्येच टाकली, तर एका पानात दोन-तीन क्रमांक खर्ची पडायचे! पद्धत किचकट खरी, पण कुठलंही पान केव्हाही मागता येण्याची सोय तिच्यातच होती.

पुढे पीडीएफनं बाजी मारली. मॅक ओएस टेनचं चित्रकाम त्याच घडणीचं होतं. मायकल स्वीट यांची 1999 मध्ये आलेली कप्स ही छपाई यंत्रणा ॲपलनं 2002 मध्ये स्वीकारली. लिनक्सवरही तीच रुळली. डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या क्यूटी 5 नं तर पोस्टस्क्रिप्ट काढूनच टाकलं. लिनक्सवर क्यूटीकडून कप्सकडे आता पीडीएफ जातं.