चेंडूवाचून फुटबॉल

आमच्या अंबडच्या घरी फुटबॉल प्रथम आला तो चेंडूवाचून. साल १९८९ असावे. मामांनी पुण्याहून एक काळा संगणक आणला. कळफलक तोच, यंत्रही तेच. पडदा नाही, म्हणून घरचा टीव्ही. साठवण नाही, म्हणून गाण्यांचा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की चारपाच मिनिटे असा कर्कश आवाज निघे, की आजी म्हणे, "अरे, परातीवर विळा काय घासताय?"

हा मूळचा क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा स्पेक्ट्रम. इंग्लंडात तो १९८२ साली निघाला. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये रीतसर परवान्याने तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने येथे आणला. त्याची स्मरणशक्ती ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ अक्षरांची जागा. त्यांतली ६,९१२ एकट्या चित्रालाच लागत. शिवाय पडद्यावरील आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग मावत. दोन निराळ्या सदऱ्यांचे गडी एकमेकांना भिडले, की एकाचा रंग दुसऱ्याला लागलाच! अशा अडचणीत जॉन रिटमन यांनी १९८४ साली 'मॅच डे'मध्ये धावते खेळाडू उभे केले, ही कारागिरी थोर खरी.

परंतु माझे मन गुंतले ते केव्हिन टॉम्स यांच्या 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये. लहानपणी हा गृहस्थ पुठ्ठ्यावरचे खेळ रचीत असे. संघ चालविण्याचा खेळ पुठ्ठ्यावर मांडायचा, तर सामने, गुण, क्रमवारी यांची आकडेमोड माणसाला पुरी पडत नाही. ती यंत्र करील, हे त्यांनी ओळखले. १९८२ साली त्यांनी तो खेळ विकायला काढला. आरंभीच्या झेडएक्स ८१ वरील आवृत्तीत तर चित्रही नव्हते, नुसती अक्षरे आणि आकडे. स्पेक्ट्रमवर गोलपुढचे मोजके क्षण काडीसारख्या माणसांनी दिसत, पण तेही नुसते पाहायचे. आपण गडी विकत घ्यायचे, दमलेल्याला बसवायचे, बँकेचे कर्ज काढायचे आणि चौथ्या श्रेणीतून वर चढायचे. बचाव, मधली फळी, चढाई, उमेद यांचे आकडे एका पारड्यात आणि दैवाचा एक आकडा दुसऱ्यात! कादंबरीकाराला हा उद्योग परका वाटू नये. नुसत्या नावापुढे एक अंक मांडला, तरी त्या गड्यासाठी आमचा जीव खालीवर होई. दुखापत झाली की मामा जेवणावरून उठत.

टॉम्स यांनी तो खेळ बेसिक या सोप्या भाषेत लिहिला होता, आणि तो मध्येच थांबवून ओळी वाचता येत. एका दुपारी माझ्या मामेभावाने तेच केले. ज्या दैवापुढे आम्ही हात जोडीत होतो, ते ओळींचे क्रमांक घेऊन पडद्यावर उभे राहिले. त्याने शोधून शोधून आमच्या शिलकेच्या आकड्यापुढे शून्ये वाढविली. कर्ज फिटले, हवा तो खेळाडू घेतला, संघ चढू लागला. मामा त्या रात्री दोन सामने पाहून उठले आणि म्हणाले, "आता कशाला पाहायचं?"

आठवडाभरात कॅसेट कपाटावर गेली. पुढे मामींनी तिच्यावर भजने भरून घेतली.