पाड्याची सभा आणि पेसा कायदा : डहाणू-तलासरीच्या संदर्भात

२३ मे १९४५ रोजी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील (आजच्या तलासरीतील) झरी येथे किसान सभेच्या पुढाकाराने सुमारे ५,००० वारली एकत्र आले. रोख १२ आणे रोजी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, असे त्या सभेत ठरले. ठरविणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेव्हा मताधिकारही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मत मिळाले; विचारविनिमयाची जागा मात्र पाड्यावरून ग्रामपंचायत कार्यालयात सरकली. अनेक पाड्यांच्या पंचायतीत दूरच्या पाड्यावरील स्त्रीने सभेला यावे कधी आणि बोलावे कधी? १९९६ च्या पेसा कायद्याने ही उणीव ओळखली. परंपरेनुसार आपले व्यवहार चालविणारा पाडाही त्यानुसार ‘गाव’ ठरू शकतो व त्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. महाराष्ट्राचे नियम मात्र २०१४ साली आले.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी मेख एका अव्ययात आहे. भूसंपादनापूर्वी ‘ग्रामसभा अथवा योग्य स्तरावरील पंचायत’ यांच्याशी सल्लामसलत करावी, असे पेसा सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सल्लामसलतीऐवजी पूर्वसंमती आणली, पण ‘अथवा’ कायम ठेवला. त्यामुळे पाड्याला वगळून वरच्या स्तरावर होकार मिळविण्यास वाव राहतो. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेच्या भूसंपादनाविरुद्ध या भागातील काही ग्रामसभांनी ठराव केले होते, संपादन झालेच.